पर्जन्यछायेतले आकाश

सातारा जिल्ह्याचा पावसाचा नकाशा आणि ताऱ्यांचा नकाशा एकमेकांच्या अगदी उलट आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर पूर्वेला असलेल्या दहिवडीला पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. सह्याद्रीने ढग अडवून धरल्यामुळे माण आणि खटाव या तालुक्यांनी पिढ्यान्पिढ्या टँकरची वाट पाहिली, जनावरांसह चारा छावण्यांत दिवस काढले आणि घरातली कर्ती माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी दूरदूरच्या शहरांत पाठवली. त्याच सह्याद्रीने या माणसांच्या डोक्यावरचे आकाश मात्र कोरडे आणि मोकळे ठेवले आहे. हे त्यांच्या सोसण्याचे मोल आहे असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण तारे पाहणाऱ्या माणसाने या जिल्ह्यात पश्चिमेकडे नव्हे तर पूर्वेकडे तोंड करून निघावे, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

साताऱ्यात कोणालाही विचारले की तारे पाहायला कुठे जावे, तर उत्तर येते, कासला. कासचे पठार सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे, आणि उंचीवर हवेचा थर पातळ असतो, हे खरेच. पण आकाशनिरीक्षणात उंचीइतकेच महत्त्व हवेतल्या ओलाव्याला आणि आजूबाजूच्या दिव्यांना असते. कासच्या पश्चिमेला शिवसागराचे पाणी पसरलेले आहे. थंडीच्या रात्री दऱ्यांतून धुके वर चढते आणि पहाटेपूर्वीच लेन्सवर दव बसते. पूर्वेला अजिंक्यताऱ्याच्या पलीकडून साताऱ्याचा उजेड आकाशाचा खालचा चतकोर व्यापून टाकतो. कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर हॉटेले वाढली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपले झाड, आपली पायरी, आपली पाटी रात्रभर उजळत ठेवायची असते. चाळकेवाडीच्या पठारावर जावे तर पवनचक्क्यांवरचे तांबडे दिवे रात्रभर उघडझाप करतात. डोळ्यांना त्यांचा फारसा त्रास नाही, पण छायाचित्रात प्रत्येक दिवा आपली हजेरी लावतो. शिवाय संरक्षित वनक्षेत्रात रात्री परवानगीशिवाय फिरता येत नाही, आणि गवे व अस्वले यांच्या वाटेत ट्रायपॉड रोवून बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

माझा मावसभाऊ आण्णा याचे शेत म्हसवडच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, माळाच्या कडेला आहे. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असे गेले की वाटेतच आकाश बदलत जाते. कोरेगावपर्यंत उसाचा पट्टा आणि त्याबरोबरचा उजेड साथ सोडत नाही. पुसेगावनंतर वस्त्या विरळ होतात, आणि दहिवडी मागे पडल्यावर गाडी थांबवून दिवे मालवले तर खाली उतरल्याबरोबर मृगाच्या पट्ट्याखालची तलवार सहज ओळखू येते. आण्णाच्या माळावरून दहिवडी आणि म्हसवड यांचे उजेड क्षितिजावर दिसतातच, पण ते दोन-तीन हात उंचीच्या वर चढत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य मावळून दीड तास झाला की पश्चिमेला एक फिकट, तिरका शंकू वर चढलेला दिसतो. तो कोणत्याही गावाचा उजेड नसतो. ग्रहांच्या कक्षांच्या प्रतलात पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेला तो सूर्यप्रकाश असतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात, आणि तो दिसला की जागा चांगली आहे हे समजण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही उपकरणाची गरज उरत नाही. अमेरिकेतले हौशी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ साली अंधाराची जी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली, तीही अशाच खुणांवर आधारलेली आहे: काय दिसते आणि काय दिसत नाही, यावरून जागेची पायरी ठरवायची.

कोरडेपणाचे खरे महत्त्व वर्षाच्या गणितात कळते. आकाशगंगेचा सर्वांत दाट आणि तेजस्वी भाग, म्हणजे धनु आणि वृश्चिक यांच्यामधला केंद्राकडचा पट्टा, आपल्या अक्षांशावरून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री ऐन दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४३ अंश उंचीवर येतो. लंडनमधल्या निरीक्षकाला तोच भाग जवळपास क्षितिजाला चिकटून सरकताना पाहावा लागतो, त्यामुळे या बाबतीत आपण भाग्यवान असायला हवे होतो. पण नेमक्या त्याच आठवड्यात आपल्याकडे मोसमी ढगांनी आकाश भरलेले असते. म्हणून मार्चमध्ये पहाटे साडेतीन-चारला उठून आग्नेयेकडे पाहायचे, मे महिन्यात रात्री उशिरा पाहायचे, किंवा ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी तो पट्टा नैऋत्येला मावळण्यापूर्वीचा तास-दीड तास पकडायचा, एवढाच वाव राहतो. कृष्णाकाठी या महिन्यांतही अडचणी आहेत. ऊसतोडीनंतर पाचट पेटवले जाते, आणि थंड, स्थिर रात्री तो धूर वर न जाता खोऱ्यात बसून राहतो. एप्रिल-मेमध्ये धुळीचा गढूळपणा असतो. तो माणलाही सुटत नाही. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडे दिवसचे दिवस सूर्यही दिसत नसताना माणवरून ढग नुसते वाहत जातात, पाऊस न देता पुढे निघून जातात, आणि त्यांच्यामध्ये फटी सापडतात. शेतकरी ज्या ढगाकडे पाहून सुस्कारा टाकतो त्याच ढगाच्या कडेने मला धनूतले तारकागुच्छ दिसावेत, ही गोष्ट मला कधीच सहजपणे आनंदाने स्वीकारता आलेली नाही.

२०२० च्या जुलैमध्ये निओवाइज धूमकेतू उत्तरेकडच्या अनेक देशांत नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, आणि पश्चिम महाराष्ट्रातले बहुतेक निरीक्षक त्याची दुसऱ्यांनी काढलेली चित्रे पाहत बसले होते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-ॲटलास आला तेव्हा परतीच्या पावसाची टांगती तलवार होती, कारण माणला जो काही पाऊस मिळतो त्यातला मोठा वाटा परतीचाच असतो. तो धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला १२ ऑक्टोबरला. त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी पश्चिमेचे ढग थोडे उचलले गेले आणि शुक्राच्या उजवीकडे वर त्याची शेपटी सरळ उभी दिसली. आण्णाच्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, अंगणातूनच ती पाहिली आणि शेपटीवाला तारा घरावर बरा नव्हे असे सांगून ती आत गेली. पाच मिनिटांनी मात्र ती शेजारणीला घेऊन परत बाहेर आली.

आपल्या अक्षांशाची दुसरी देणगी दक्षिणेची आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. साताऱ्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशच वर असतो. तो शोधताना नवख्या माणसाची निराशा होते, कारण तो ना फार उंच असतो ना फार तेजस्वी. पण उत्तरेचे जेवढे आकाश खाली गेले तेवढे दक्षिणेचे वर आले आहे. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास व्याधाच्या खाली दक्षिणेकडे पाहिले की अगस्त्य दिसतो. मे महिन्यात त्रिशंकू आणि त्याच्यामागून मित्र व मित्रक हे दोन तेजस्वी तारे क्षितिजाच्या थोडे वर उभे असतात. एप्रिलच्या मध्यास मध्यरात्री नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ दक्षिणेला सुमारे २५ अंश उंच येतो. त्यात अंदाजे एक कोटी तारे आहेत आणि तो सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर आहे. माळावरून नुसत्या डोळ्यांना तो जरासा फुगीर, धूसर ताऱ्यासारखा दिसतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही. इतक्या खालच्या आकाशात पाहताना नजर हवेच्या जाड थरातून जाते, त्यामुळे दक्षिण क्षितिजावर गाव, कारखाना किंवा धूर नसणे फार मोलाचे ठरते.

डोळ्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण कॅमेरा विकत घेणारे पुष्कळ आहेत आणि अंधारात वीस मिनिटे शांत बसणारे थोडे आहेत. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलच्या एका नजरेने ती सारी कमाई वाया जाते. म्हणून तांबडा, मंद टॉर्च वापरायचा. अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी तांबड्या प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत. या दंडपेशी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर नसतात, त्याच्या भोवताली दाट असतात, त्यामुळे फिकट वस्तूकडे थेट न पाहता तिच्या किंचित बाजूला पाहिले की ती उमटते. नोव्हेंबरच्या संध्याकाळी शर्मिष्ठेवरून देवयानीकडे सरकताना मी सोबतच्या मुलांना हेच सांगतो. थेट पाहिले तर काही नाही, बाजूला पाहिले तर २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका. मुले पहिल्यांदा विश्वास ठेवत नाहीत, आणि एकदा दिसली की मग सारख्या माना तिरक्या करून पाहत राहतात.

माणदेशातल्या माणसाला नक्षत्रांची नावे शिकवावी लागत नाहीत. रोहिणी, मृग, आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, म्हातारा पाऊस म्हणजे पुष्य, पुढे हत्तीचा पाऊस म्हणजे हस्त: ही यादी आण्णाच्या तोंडपाठ आहे. पण ती पावसाची यादी आहे, आकाशाची नव्हे. मृग निघाला असे आपण ७-८ जूनच्या सुमारास म्हणतो ते सूर्य त्या नक्षत्रात शिरतो म्हणून, आणि सूर्य ज्या नक्षत्रात आहे ते सूर्याबरोबरच उगवते आणि मावळते, म्हणजे त्या दिवसांत ते दिसूच शकत नाही. ज्या मृगाची वाट पाहण्यात सारा तालुका जून घालवतो, तोच मृग डिसेंबर-जानेवारीत रात्रभर त्यांच्या शेतावर लखलखत असतो, आणि तेव्हा त्याच्याकडे कोणी वर मान करून पाहत नाही. आण्णाला मी डिसेंबरमध्ये मृग दाखवला तेव्हा त्याने बराच वेळ पाहून विचारले, "मग हा इथं असताना पाऊस का नाही पडत?" सूर्याचे वार्षिक भ्रमण समजावायला त्या रात्री दोन वेळा चहा करावा लागला.

कॅमेरा माझ्याकडे उशिरा आला. लग्नसमारंभ टिपणाऱ्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराने आपला जुना डीएसएलआर विकायला काढला होता; त्याच्याबरोबर १८-५५ मिलिमीटरची नेहमीची लेन्स होती, आणि पुढे मी ५० मिलिमीटरची एफ १.८ अशी एक स्वस्त लेन्स घेतली. या दुसऱ्या लेन्सची शिफारस मी प्रत्येक नवशिक्याला करतो, आणि त्यामागचे गणित सरळ आहे. पहिल्या लेन्सचे छिद्र १८ मिलिमीटरला जेमतेम ५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे अंधारात विस्फारलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीपेक्षाही लहान; ५० मिलिमीटरच्या लेन्सचे छिद्र २८ मिलिमीटरचे, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट. तरीही ती लहान लेन्स डोळ्याहून अधिक दाखवते, कारण डोळा सेकंदाच्या लहानशा अंशापुरताच प्रकाश साठवतो आणि कॅमेरा कितीही वेळ साठवू शकतो.

कितीही वेळ म्हणायला सोपे आहे, पण पृथ्वी फिरते. आकाश सेकंदाला १५ विकलांच्या वेगाने सरकते (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा स्थिर असल्याने तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. पाचशेला लेन्सच्या नाभीय अंतराने, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागायचे आणि मिळतील तितकी सेकंदे शटर उघडे ठेवायचे, असा एक जुना आडाखा आहे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ते अंतर आधी दीडने गुणावे लागते, म्हणजे १८ मिलिमीटरला साडेअठरा सेकंद आणि ५० मिलिमीटरला साडेसहा सेकंद. आजच्या सेन्सरवर हा आडाखा सैल पडतो. पाचशेच्या जागी तीनशे घेतले तर तारे खरोखरच ठिपके राहतात, आणि ५० मिलिमीटरला उरतात चार सेकंद. त्यातही ध्रुवाजवळचे तारे संथ असतात आणि खगोलीय विषुववृत्तावरचे सर्वांत वेगवान. मृगाचा पट्टा जवळजवळ त्या विषुववृत्तावरच आहे, त्यामुळे ज्या नक्षत्रापासून प्रत्येक नवशिका सुरुवात करतो तेच सर्वांत कमी सवड देते.

चार सेकंदांत काय मिळणार? एका चित्रात फारसे नाही: काही तारे आणि त्यांच्याभोवती सेन्सरचा रवाळ कचरा. पण तसेच शंभर फोटो काढून संगणकावर एकावर एक बसवले की ताऱ्यांचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी येत असल्याने टिकतो, आणि कचरा प्रत्येक वेळी वेगळा असल्याने सरासरीत विरत जातो. शंभर फोटोंनी तो प्रकाशाच्या तुलनेत दहाव्या हिश्शावर येतो, चारशेंनी विसाव्या. म्हणजे सुधारणा वर्गमुळाने होते, आणि सुरुवातीचे फोटो जेवढे देतात तेवढे पुढचे देत नाहीत. याला स्टॅकिंग म्हणतात. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल या दोन्ही प्रणाली त्यासाठी विनामूल्य मिळतात. लेन्सवर झाकण घालून तेवढ्याच सेकंदांचे काही काळे फोटोही घ्यावे लागतात, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे तापलेले ठिपके वजा करता येतात. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच ठेवायची. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबायचे नाही. व्याध पडद्यावर दहापट मोठा करून तो लहानात लहान होईपर्यंत कडे फिरवायचे आणि मग त्यावर चिकटपट्टी लावून टाकायची. हे सारे सांगायला रुक्ष आहे, पण माझा निम्मा आनंद याच रुक्षपणात आहे.

१८८० च्या ३० सप्टेंबरला अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचे, म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचे, पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी ११ इंची दुर्बीण आणि ५१ मिनिटांचे एक्सपोजर लागले होते, आणि इतका वेळ दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवत ठेवणारी यंत्रणाही हाताशी होती. आज सात मिनिटांहूनही कमी वेळ जमवलेल्या माझ्या शंभर फोटोंतून तोच तेजोमेघ रंगासह उमटतो. डोळ्याला तो करडा दिसतो, कारण दंडपेशींना रंग कळत नाही. छायाचित्रात येणारा गुलाबी तांबूसपणा मुख्यतः हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तोही पूर्ण नाही, कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरची चाळणी त्या तांबड्या प्रकाशाचा मोठा भाग अडवते. रंग खोटा आहे का, असे मला अनेक जण विचारतात. तो खोटा नाही. आपला डोळा त्याला पुरा पडत नाही इतकेच. मात्र दुसऱ्याच रात्री, दुसऱ्याच लेन्सने घेतलेली आकाशगंगा एखाद्या किल्ल्याच्या माथ्यावर चिकटवून तो एकच क्षण असल्यासारखा दाखवणे मला पटत नाही. ते भित्तिचित्र म्हणून छान असेल, पण त्या रात्री त्या जागी काय होते याची नोंद नव्हे.

जानेवारीतल्या एका रात्री माळावर असे फोटो सुरू असताना एक मेंढपाळ जवळ आला. त्याच्या मेंढ्यांचा वाडा पलीकडच्या तालीशेजारी बसला होता. "पावणं, काय हरवलंय का?" असे विचारून तो बसला आणि मी काय करतो ते त्याने ऐकून घेतले. सप्तर्षी नुकताच ईशान्येला वर आला होता. त्याने मला त्यातले बाजले आणि त्याच्यामागचे तीन चोर दाखवले. पडद्यावरचा गुलाबी तेजोमेघ त्याने पाहिला, वर पाहिले, परत पडद्यावर पाहिले आणि विचारले, "ह्याचं पैसं किती मिळत्यात?" काहीच मिळत नाहीत म्हटल्यावर त्याने विषय सोडून दिला. मग गावाकडे बोट करून तो म्हणाला, की शाळेपुढे नवा मोठा दिवा लागला ते लई बरे झाले. उजेड असला की लांडगे लांब राहतात. गावाच्या दिशेला तो हायमास्ट पांढराशुभ्र पेटलेला होता, आणि त्याच्यामुळे त्या बाजूचे निम्मे तारे गेले होते.

लांडगे उजेडाला किती घाबरतात हे मला सांगता येत नाही, पण ज्याची कोकरे जातात त्याच्याशी मी अंधाराच्या बाजूने वाद घालू शकत नव्हतो. हीच अडचण मोठ्या प्रमाणावर साऱ्या तालुक्याची आहे. उरमोडी धरणाचे पाणी माण-खटावला येऊ लागले आहे, जिहे-कठापूर आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांमागे कित्येक वर्षांची झुंज आहे, आणि पाणी आले की ऊस येणार, वस्त्या वाढणार, रस्त्यांवर दिवे येणार. ते यायलाच हवेत. हा भाग तारे पाहणाऱ्यांसाठी कोरडा राहावा असे म्हणणारा माणूस टँकरच्या रांगेत कधी उभा राहिलेला नसतो. पण दिवा असणे आणि दिव्याने आकाश पेटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातला फरक खर्चाचा नसून रचनेचा आहे. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असे. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा मोठा वाटा असतो, आणि हवेचे रेणू त्या निळ्या प्रकाशाला पिवळ्याच्या जवळपास तिप्पट विखुरतात. त्यातून दिव्याचे तोंड आडवे असेल तर त्याचा पुष्कळ उजेड रस्त्यावर पडतच नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचे आकाश अंधारे राखलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तिथे आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे खाली वळवली गेली. गावे अंधारात गेली नाहीत.

आण्णाच्या गोठ्यावरच्या दिव्याला आम्ही म्हसवडच्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची एक टोपी करून घेतली आणि त्यात पिवळसर बल्ब लावला. गोठ्यात पूर्वीइतकाच उजेड आहे, माळावर मात्र पोचत नाही. शाळेपुढच्या हायमास्टला अशी टोपी बसत नाही. त्याचे दिवे खाली वाकवावे लागतील आणि बल्ब बदलावे लागतील. तसा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीत दिला, आणि मेंढपाळाच्या वाड्याकडे तोंड असलेला एक दिवा आहे तसाच ठेवावा असेही त्यात लिहिले. सरपंचबाईंनी तो पूर्ण वाचला आणि वीजबिल महिन्याला किती कमी होईल एवढेच विचारले. आण्णा सध्या त्याचा हिशेब मांडतो आहे.